तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा वेळा

"ते चार्ट खरे होते का गं?"

हा प्रश्न, म्हणजे ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सर्वांत जास्त खपलेल्या गाण्यांच्या यादीविषयीचा, मला भाच्याने विचारलाय, गणपतीत प्रसादाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलाय, पुण्याच्या मामेबहिणीने फोनवर विचारलाय. बीबीसी फोरवर 'टॉप ऑफ द पॉप्स' या चार्टमधल्या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा लागायला लागल्यापासून तर फारच. मी ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका रेकॉर्डच्या दुकानात दर शनिवारी काम करायचे आणि ते दुकान चार्टसाठी आकडे देणाऱ्या दुकानांपैकी होतं, एवढं कळलं की समोरचा माणूस जरा जवळ सरकतो. त्याच्या मनात उत्तर तयार असतं. कंपन्या पैसे चारायच्या, सगळं आधीच ठरलेलं असायचं, असं त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं.

आजवर माझी दोन उत्तरं ठरलेली होती. चारचौघांत "हो, खरे होते", आणि कोणी फारच खोदलं तर "बरेचसे". दोन्ही उत्तरं देऊन घरी आल्यावर मला कधी स्वस्थ वाटलेलं नाही. म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी चार्टची बाजू मांडते, कारण ती मला मनापासून मांडायची आहे.

१९८४च्या जानेवारीत बीबीसीने फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडच्या 'रिलॅक्स'वर बंदी घातली. रेडिओवर नाही, टॉप ऑफ द पॉप्सवर नाही. तरी ते गाणं पहिल्या नंबरावर गेलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमावर पहिल्या नंबराचं गाणं वाजवता येत नव्हतं. त्याच दिवसांत क्वीनचं 'रेडिओ गा गा' त्याच्याखाली दुसऱ्या नंबरावर अडकलं. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे मला पुण्याहून दर फोनला सांगितलं जातं. ठाऊक आहे.) चार्ट जर बड्या लोकांच्या हातातलं खेळणं असता, तर बीबीसीने नको म्हटलेलं गाणं पाच आठवडे डोक्यावर बसलं असतं का?

'व्हिएन्ना'चंही तसंच. अल्ट्राव्हॉक्स या बँडचं ते गाणं १९८१मध्ये चार आठवडे दुसऱ्या नंबरावर राहिलं आणि त्यातले तीन आठवडे त्याच्यावर जो डोल्चेचं 'शॅडॅप यू फेस' नावाचं गमतीचं गाणं होतं. लोक हा अन्याय पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवतात. मला तो नेमका उलट पुरावा वाटतो. ठरवून केलेली यादी जास्त शहाणी दिसली असती. लोकांना त्या फेब्रुवारीत हसायचं होतं, त्यांनी ती रेकॉर्ड विकत घेतली, आणि यादीने ते मान खाली न घालता सांगितलं.

आणि त्याच वर्षीचा जुलै. एप्रिलमध्ये लंडनचं ब्रिक्स्टन दंगलीत पेटलं होतं, जुलैच्या सुरुवातीला लंडनचंच साउथॉल आणि लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ. आमच्या लेस्टरमध्येही हायफिल्ड्स भागात दंगल उसळली. बाबांनी आम्हाला अंधार पडल्यावर घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्या आठवड्यांत पहिल्या नंबरावर कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या बँडचं 'घोस्ट टाउन' होतं, ओस पडलेल्या शहराचं गाणं. मी चौदा वर्षांची होते. बातम्यांत जे बोलायला लोक चाचरत होते, ते चार्टच्या टोकावर होतं. ज्याने ते आठवडे इथे काढलेत त्याला मी "खरे होते का" याचं वेगळं उत्तर द्यायला बसणार नाही.

१९८२च्या वसंतात आईला मी स्वयंपाकघरातून ओढून बाहेर आणलं होतं. टीव्हीवर शीला चंद्रा गात होती, मॉन्सून या तिच्या बँडचं 'एव्हर सो लोनली'. सतरा वर्षांची मुलगी, कपाळाला टिकली, मागे सतार. आईच्या हाताला कणीक होती, ती तशीच उभी राहिली. शनिवारी मी माझ्या पैशांनी ते सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, घेतलं. तेव्हा दुकानदार खपलेल्या रेकॉर्डचा नंबर वहीत लिहीत आणि आठवड्याच्या शेवटी ती वही पाठवून देत. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर तो नंबर लिहिला. गाणं बाराव्या नंबरापर्यंत चढलं. त्या बारामध्ये माझं एक होतं. हे वाक्य मी अनेकदा बोलले आहे आणि दर वेळी आवाज भरून आलाय. त्यानंतर काही महिन्यांनी मी त्याच दुकानात नोकरी मागायला गेले.

१९८३च्या जानेवारीपासून चार्टचं काम गॅलप या पाहणी करणाऱ्या कंपनीकडे गेलं. वह्या गेल्या, यंत्रं आली. देशभरात सुरुवातीला अडीचशेच्या आसपास दुकानं होती, त्यातलं एक आमचं. रेकॉर्ड विकली की तिच्यावरचा कॅटलॉग नंबर यंत्रात बोटाने दाबायचा. रात्री गॅलपचा कॉम्प्युटर टेलिफोनवरून ते आकडे ओढून घ्यायचा. मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवा चार्ट, गुरुवारी टॉप ऑफ द पॉप्स, रविवारी संध्याकाळी सगळी चाळीस गाणी. माझा आठवडा या तीन खुंट्यांना टांगलेला असायचा.

आता दुसऱ्या दुकानाविषयी सांगायला हवं.

लेस्टरमध्येच, बेलग्रेव्ह रोडवर, एक गुजराती काका कॅसेटी विकायचे. बारा फूट रुंदीचं दुकान, पुढे कॅसेटी, मागे भाड्याचे व्हिडिओ. अलाप आणि हीरा हे भांगडा बँड, हिंदी सिनेमाची गाणी, भजनं, गरबा. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. लग्नाच्या हंगामात लोक भांगड्याच्या एकाच कॅसेटीच्या पाच-पाच प्रती न्यायचे, पाहुण्यांना द्यायला. काका प्रत्येक विक्री लाल कापडाच्या उभ्या वहीत लिहायचे. मराठी काही मिळायचं नाही, ते आमच्याकडे सुट्टीवरून येणाऱ्यांच्या बॅगेतून यायचं. पण आई कोथिंबीर-मिरच्या घ्यायला त्या रस्त्यावर गेली की मी काकांकडे थांबायचे.

१९८४च्या ऑक्टोबरात त्यांनी मला विचारलं, "बेटा, तुमच्या दुकानात ते मशीन आहे ना? आमची विक्री त्यात नाही घालता येणार?"

थट्टा नव्हती. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. एका कॅसेटीपुढे त्या आठवड्याच्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत. मी मोजल्या नाहीत, पण आमच्या दुकानात पहिल्या दहातल्या एखाद्या सिंगलचाही आठवड्याचा आकडा त्याच्या जवळ गेला नसता, हे मला बघताक्षणी कळलं.

मी त्यांना नियम सांगितला. यंत्र आमच्या दुकानात बसवलंय, त्यात फक्त आमच्या काउंटरवरची विक्री जाते. यादीतली दुकानं गॅलप निवडतं. शिवाय हा सगळा माल अल्बमचा, कॅसेटवरचा, सिंगल्सच्या चार्टमध्ये तो तसाही बसणार नाही. सगळं बरोबर होतं, आजही बरोबरच आहे. शेवटी मी म्हणाले, "काका, खोटं नाही ना दाबता येत."

त्यांनी वही मिटली. "बरोबर आहे बेटा, खोटं नको."

सतरा वर्षांच्या त्या मुलीचा मला त्या क्षणी काय अभिमान वाटला होता! तिला वाटलं, आपण काहीतरी राखलं.

त्यानंतरचा शनिवार ३ नोव्हेंबर. तारीख विसरणं शक्य नाही, कारण बुधवारी इंदिरा गांधींची हत्या झाली होती आणि त्या शनिवारी दिल्लीत अंत्यसंस्कार होते. बाबा सकाळपासून टीव्हीसमोर, आंघोळ न करता. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. दुकानात मात्र नेहमीचा शनिवार होता. व्हॅमचं 'फ्रीडम' पहिल्या नंबरावर होतं आणि चाका खानचं 'आय फील फॉर यू' भराभर खपत होतं. सकाळभर मी तेच दाबत होते.

दुपारी एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. कंपनीचं नाव लिहिणार नाही, गाण्याचंही नाही. तो नेहमी यायचा. अशी माणसं सगळ्याच चार्टच्या दुकानांत यायची, फुकटच्या रेकॉर्डी द्यायची, म्हणजे दुकान त्या स्वस्तात विकू शके. ते चालायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मॅनेजर जेवायला गेला होता. त्या माणसाने काउंटरवर एक जाकीट ठेवलं. काळं, सॅटिनचं, पाठीवर एका बँडचं नाव शिवलेलं. असलं जाकीट मी फक्त मासिकांत पाहिलं होतं. म्हणाला, हे गाणं पहिल्या पंचाहत्तरांच्या यादीच्या उंबरठ्यावर आहे, थोडंसं कमी पडतंय. गाणारी मुलं चांगली आहेत. कुणाचं नुकसान नाही.

त्याने मला "दाब" असं म्हटलंच नाही. त्याने फक्त सिंगल माझ्यासमोर ठेवलं, नंबरची बाजू माझ्याकडे करून.

मी चौदा वेळा दाबलं. सलग नाही. गिऱ्हाइकांच्या खऱ्या विक्रीच्या मधेमधे, एकेक, म्हणजे नैसर्गिक वाटावं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या मनातून जे जात नाही ते हेच. हात थरथरत चूक होऊन गेली, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. हात थरथरला नव्हता. मी विचार केला होता.

संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडवरून घरी चालले होते, जाकीट पिशवीत. काकांनी शटर अर्धं ओढलं होतं. दुःख पाळायला होतं की कुणी काही बोलेल म्हणून, ते मी विचारलं नाही. दारात उभे होते. "आज धंधा नाही," म्हणाले, आणि मग नेहमीच्या मायेने, "तुझ्या मशीनमध्ये काय, आज?"

मी म्हणाले, "काही विशेष नाही, काका."

घरी आईने जाकीट पाहिलं. कुठून आणलंस? दुकानातून मिळालं, चांगलं काम केलं म्हणून. बाबा तिथेच होते. टीव्ही बंद होता. "चांगलं आहे हो," म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.

मंगळवारी चाका खान पहिल्या नंबरावर आली. ते मी खरंखुरं दाबलं होतं. ते दुसरं गाणं पंचाहत्तरच्या अगदी तळाशी होतं. एक आठवडा राहिलं आणि गेलं.

आता तुमच्यापैकी जे हुशार आहेत ते म्हणतील, चौदाने काय होतं? मीही तेच म्हणते, दर काही वर्षांनी. एखाद्या दुकानात एखादी रेकॉर्ड भलतीच खपलेली दिसली की गॅलप शंका घ्यायचं, असे आकडे बाजूला काढायचं. माझे चौदा कदाचित कचऱ्यातच गेले असतील. पण दुकानं थोडी होती, प्रत्येक दुकानाच्या आकड्याला वजन होतं, आणि तळाला फरक किरकोळ असतात. कदाचित माझ्या चौदांनी कुणाला तरी शहात्तरावर ढकललं असेल. ती कुठली मुलं होती, त्यांनी मंगळवारी रेडिओ लावला होता का, याचा विचार मी जाकिटाच्या आशेत एकदाही केला नाही.

डिसेंबरात इथिओपियाच्या दुष्काळासाठी पैसे उभे करायला गायकांनी एकत्र येऊन केलेलं बँड एडचं सिंगल आलं. त्याचा कॅटलॉग नंबर 'फीड वन'. लोक दाराबाहेरपर्यंत उभे होते, काही एकेक जण चार-पाच प्रती घेत होते, आणि मी फीड वन, फीड वन दाबत होते, बोट सुजेपर्यंत. एक सुटला नाही. व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' त्याच्याखाली पाच आठवडे दुसऱ्या नंबरावर राहिलं आणि थेट २०२१च्या पहिल्या दिवशी पहिलं झालं. ती बातमी वाचून मी खूप वेळ बसून होते. छत्तीस वर्षांनी का होईना, कुणीतरी मोजत राहिलं होतं. त्या डिसेंबरात मला वाटायचं, इतके हजारो खरे नंबर दाबल्यावर ते चौदा बुडून जातील. तसं होत नाही. मोजणीत खऱ्याने खोटं पुसलं जात नाही, दोन्ही जमाच होतात.

तर चार्ट खरे होते का? 'घोस्ट टाउन' खरं होतं. शीला चंद्राचं बारावं स्थान खरं होतं, माझ्या पैशांनी. आणि ३ नोव्हेंबरच्या आठवड्यातली तळाची एक ओळ मी बनवली. या तीन गोष्टी मला एका उत्तरात बसवता येत नाहीत. काकांना मी सांगितलेला नियम चुकीचा होता असंही मला वाटत नाही. कोणीही येऊन आपली विक्री घालावी असं झालं असतं तर चार्ट उरलाच नसता. पण तो नियम मी फक्त त्यांच्यासाठी पाळला. ज्याच्या दुकानात खरी गर्दी होती त्याला मी खरेपणा शिकवला, आणि ज्याच्या रेकॉर्डला कुणी हात लावत नव्हतं त्याला माझी बोटं दिली. सतरा वर्षांच्या मुलीला मी विचारते, तो माणूस आपल्यातला नव्हता म्हणून का गं? त्याच्या जगात तुला जागा हवी होती म्हणून का? ती म्हणते, जाकीट सुंदर होतं. मला तिचं म्हणणं पटत नाही आणि खोटंही वाटत नाही.

जाकीट मी दोन हिवाळे घातलं. काकांचं दुकान पुढे बंद झालं, ते मुलाकडे राहायला गेले आणि काही वर्षांनी गेल्याचं कळलं. बेलग्रेव्ह रोडवर त्या जागी आता साड्या मिळतात. लाल वह्यांचं काय झालं, हे विचारायला मी एकदा त्या दारापर्यंत गेले होते. आतल्या बाईंनी विचारलं, "काय दाखवू?" मी म्हटलं, काही नाही, बघतेय.

त्या शनिवारी शटर अर्धं ओढल्यावरही कुणी आत आलं होतं का, आणि वहीत किती रेघा पडल्या होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.