उंदराचे दोन मिलिलिटर रक्त

प्रयोगशाळेतल्या लहान उंदराच्या मेंदूचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. लहान प्राण्यांच्या मेंदूच्या कोणत्या भागात ग्लुकोज किती वेगाने वापरले जाते, हे लुई सोकोलॉफ यांच्या १९७७ च्या पद्धतीने मोजता येत असे. पण त्यासाठी प्राणी मारून मेंदूचे काप काढावे लागत. नव्वदच्या दशकात लॉस एंजेलिस येथे सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपेट, म्हणजे शरीरात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य कुठे किती आहे हे बाहेरून टिपणारा लहान प्राण्यांसाठीचा स्कॅनर, बनवला आणि आजारापूर्वीचा व उपचारानंतरचा मेंदू एकाच जिवंत प्राण्यात पाहणे शक्य झाले.

मात्र तोच प्राणी ‘पुन्हा पुन्हा’ पाहणे आणि ग्लुकोज-वापराचा वेग ‘मोजून’ काढणे या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात, आणि माझ्या मते अडचण स्कॅनरपेक्षा रक्ताची अधिक आहे. एफडीजी हे ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य मेंदूत किती वेगाने अडकते हे काढायचे तर धमनीतील त्याचे प्रमाण क्षणोक्षणी माहीत असावे लागते. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात सगळे मिळून रक्त सुमारे २ मिलिलिटर. धमनीत नळी घालण्याची शस्त्रक्रिया केली, की तो प्राणी बहुधा पुढच्या स्कॅनसाठी उरत नाही.

म्हणून बहुतेक जण एसयूव्हीवर, म्हणजे मेंदूत दिसलेल्या एफडीजीच्या, दिलेली मात्रा आणि शरीराचे वजन यांच्याशी लावलेल्या गुणोत्तरावर, भागवतात. हा आकडा सोयीचा खरा, पण फसवा. चरबी एफडीजी फारसे घेत नाही, त्यामुळे दोन स्कॅनच्या मध्ये उंदीर लठ्ठ झाला, तर मेंदूत काहीही न बदलता मेंदूची एसयूव्ही वाढू शकते. त्यात भुलेची भर पडते: आयसोफ्लुरेनने मेंदूचा ग्लुकोज-वापर मंदावतो, तर केटामिन-झायलाझिनने रक्तातील साखर चढते. यावर तोड म्हणून जागेपणी इंजेक्शन देऊन, एफडीजी पेशींत अडकल्यावर, साधारण पाऊण तासाने भूल देऊन स्कॅन करतात. एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने ते जमते. पण नेमक्या त्या पाऊण तासात रक्तातून काय गेले, याची नोंद स्कॅनरकडे नसते.

रॅक्लोप्राइड या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याने डोपामिन या मेंदूतील रसायनाचे डी-२ ग्राहक, म्हणजे ते रसायन पकडणारे पेशींवरचे रेणू, मोजणाऱ्यांचे बरे आहे, कारण अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या छोट्या भागात, हे ग्राहक नगण्य असल्याने तोच भाग तुलनेसाठी धरता येतो आणि धमनीला हात लावावा लागत नाही. एफडीजीला असा आधार नाही. त्यामुळे उंदरांवरच्या एफडीजी स्कॅनचा शोधनिबंध हाती आला, की रंगीत चित्रांआधी मी उपवासाचे तास, शरीराचे तापमान, भुलेचे औषध आणि प्रत्येक स्कॅनच्या वेळची रक्तशर्करा दिली आहे का, ते शोधतो.