मोझली ओल्ड हॉल : विटांवर भाळू नका

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेला, चारेक मैलांवर. फोटोत लाल विटांचं शेतघर दिसतं, खाली लिहिलेलं असतं ‘सुमारे १६००’, आणि चारशे वर्षांच्या विटा बघायला मिळतील असं वाटतं. साफ फसवणूक! घर १६०० च्या सुमाराचंच, पण लाकडी सांगाड्याचं. विटांचं आवरण चढलं १८७० च्या आसपास. भिंतीला नाक लावून बघितलं तर लगेच कळतं: थर सरळसोट, विटा एका मापाच्या. हाताने थापलेल्या जुन्या विटेचा ओबडधोबडपणा शोधून सापडत नाही.

त्यामुळे बाहेर वेळ घालवू नका, सरळ आत शिरा. खरं घर तिथे आहे. जाडजूड तुळया, अरुंद खडे जिने. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करून चढा. संसदेच्या सैन्याकडून वूस्टरची लढाई हरलेला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स सप्टेंबर १६५१ मध्ये इथे लपला होता. तो झोपला तो पलंग दाखवतात. लागूनच्या कोठडीच्या जमिनीत झडप आहे आणि खाली कॅथलिक धर्मगुरूंना लपवायचा खड्डा. सैनिक दारात आले तेव्हा सहा फुटांहून उंच राजा त्यात दुमडून बसला. वाकून बघा, अंगावर काटा येतो. हा खड्डा एकटाच पैसे वसूल करतो.

आता रस्ता. बस मुख्य रस्त्यावर सोडते. पुढची गल्ली म्हणजे दोन्हीकडे झुडपांच्या भिंती, फूटपाथ नाही आणि गाड्या सुसाट. वळणावर मी अक्षरशः काट्यांत घुसून उभी राहिले. लहान मुलं, बाबागाडी घेऊन हे अजिबात करू नका. परतताना पाय बोलायला लागले म्हणून टॅक्सी बोलावली, तर चालकाने येतानाच्या बसभाड्याच्या कित्येक पट मागितले आणि मी निमूट दिले. (पळणाऱ्या चार्ल्सचेही पाय सोलवटले होते, एवढंच समाधान.) भाडं बसण्याआधी ठरवा, नाहीतर स्वतःची गाडी आणा.

बाग छान आहे, पण जवळच्या एम-५४ महामार्गाचा घोंघाट सोबतीला असतो. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे १९६२ पासून आहे, सभासदांना तिकीट लागत नाही. रोज उघडं असेल असं धरून चालू नका, निघण्याआधी वेळा बघा.