तुम्ही विचारलंत म्हणून: बोटावरची निळी पट्टी

"बेन, हाथमां शुं थयुं?" (ताई, हाताला काय झालं?) मुलांना माझ्या तबल्याच्या क्लासला सोडायला येणारे पालक गुजरातीत विचारतात, बडोद्याच्या दांडिया बाजारातले आपले लोक मराठीत. दोघांचाही पुढचा प्रश्न ठरलेला: त्या पट्टीनं खरंच काही होतं का? होतं. पण तुम्हाला वाटतं ते नाही. "होतं" म्हटल्यावर समोरचा कीव केल्यासारखी मान हलवतो, त्याचा मला वीट आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझं बोट मोडलेलं नाही, मुरगळलेलं नाही, दुखतही नाही. उजव्या हाताची अनामिका तबल्यावर गेली की आत वळते. फक्त तबल्यावर. पोळ्या लाटताना, सही करताना, गाडी चालवताना तिची काही तक्रार नसते. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे तबल्यावरच्या मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली हवी. ती टेकलेली असते म्हणूनच तर्जनीचा किनारीवरचा आघात स्वच्छ बोलतो. माझी अनामिका टेकायच्या ऐवजी तळव्याकडे आक्रसते आणि 'ना'मध्ये नको असलेला घुमारा मिसळतो. विलंबितात निभावून नेता येतं. लय चढली की नाही.

याला फोकल डिस्टोनिया म्हणतात: शरीराच्या एखाद्याच भागातले स्नायू आपल्या मर्जीविरुद्ध आखडतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात याच आजारानं गेला आणि कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. मला "रियाज वाढवा" असं सांगणाऱ्यांनी एवढं ऐकावं: १९९६ साली नॅन्सी बिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना हाताची एकच हालचाल पुन्हा पुन्हा, भरपूर करायला लावली, तेव्हा त्यांच्या मेंदूत बोटांच्या एरवी वेगळ्या असलेल्या जागा एकमेकींत मिसळल्या. रियाज कमी पडून हे होत नाही. "मनाचे खेळ आहेत" असंही मला सांगितलं गेलंय, तेही एका डॉक्टरांकडून. त्यावर मी काही लिहीत नाही.

पट्टी आली भाचीमुळे. ती फिजिओथेरपी शिकलेली. केन्झो कासे नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरनं १९७०च्या दशकात काढलेली ही सुती, ताणली जाणारी टेप तुम्ही क्रिकेटपटूंच्या खांद्यावर पाहिली असेलच. माझ्यासाठी भाची तिची अरुंद पट्टी कापते, कोपरे गोल करते, म्हणजे कडा उचकटत नाहीत. मग मूठ वळवून, मनगट खाली झुकवून अनामिकेच्या पाठीवरून मनगटाच्या वरपर्यंत ती चिकटवायची. मधला भाग ताणायचा, दोन्ही टोकं न ताणता टेकवायची आणि तळव्यानं चोळायचं, कारण तिचा गोंद उबेनं धरतो. हे सगळं हाताला पावडर लावायच्या आधी. पावडरीवर ती चिकटतच नाही, आणि बडोद्याच्या मे महिन्यात घामानं दुपारीच निघून येते.

पहिल्यांदा लावली तेव्हा बोट आत वळायला निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. मी 'ना धिं धिं ना' वाजवत राहिले. कितीतरी दिवसांनी माझा 'ना' मला ऐकू आला. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगू लागले की ही पट्टी रबरासारखी बोट मागे ओढून धरते.

मग दत्तजयंतीचा कार्यक्रम आला. ओळखीतल्याच एका गायकांना साथ करायची होती. आत खोलीत भाचीनं पट्टी लावली, मी पावडर लावली, बाहेर जाऊन बसले. शेवटच्या भजनात लग्गी, म्हणजे चढ्या लयीतले बोल, वाजवायची वेळ आली, जिथे माझा हात हमखास दगा देतो, आणि हात गेला नाही. गायकांनी वळून पाहिलं. माझे विद्यार्थी पुढे बसले होते, त्यांनी दाद दिली. मी खूप दिवसांनी मोकळी होऊन वाजवत होते.

घरी आल्यावर, पानं वाढली होती तेव्हा, भाची म्हणाली, "आत्या, एक सांगू? चिडू नकोस. आज मी पट्टी ताणलीच नव्हती."

मला आधी कळलंच नाही.

"नुसती चिकटवली. ओढ काहीच नव्हती तिच्यात."

"विसरलीस?"

"नाही. मुद्दाम."

मी जेवले नाही. तिला वाटलं, पट्टी खोटी ठरली म्हणून मी रागावले. तसं नव्हतं. माझ्या बोटावर, कार्यक्रमाच्या दिवशी, मला न विचारता? "तुला विचारलं असतं तर तुला कळलं असतं, मग काय उपयोग?" ती म्हणाली. डॉक्टरकीच्या हिशेबानं ती बरोबर असेल. पण हात निसटला असता तर माझ्या विद्यार्थ्यांसमोर निसटला असता, आणि ते मला पुन्हा भरून काढता आलं नसतं. हे मी तिला तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

रात्री सगळे झोपल्यावर पट्टी काढून तबल्यावर बसले. बोट वळलं. घरातली साधी कागदी चिकटपट्टी लावली. बोट सरळ राहिलं. सकाळी तीच पट्टी, तीच जागा, तोच ठेका, आणि बोट वळलं.

भाचीचं म्हणणं असं की पाठदुखीसारख्या दुखण्यांवरच्या चाचण्यांत ताणलेली आणि नुसती चिकटवलेली पट्टी बऱ्याचदा सारखीच ठरली आहे. तिनं प्रामाणिकपणे दुसरी बाजूही दाखवली: २०१३ सालच्या एका छोट्या, प्राथमिक चाचणीत डिस्टोनियाच्या रुग्णांचं दुखणं खऱ्या पट्टीनं कमी झालं होतं. मी लगेच त्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "आत्या, तुला दुखतं कुठे?"

म्हणजे रबराची गोष्ट गेली. इतक्या जणांना इतक्या खात्रीनं मी ती सांगितली होती, आणि ती सांगणारी मी मनात अजून भांडते: बोट थांबलेलं तू डोळ्यांनी पाहिलंस ना? पाहिलं. त्याचं काय करायचं? स्वीडनमध्ये १९९५ साली एडिन आणि योहान्सन यांनी लोकांच्या बोटाचा पुढचा भाग बधिर केला आणि त्यामागची, बधिर न झालेली कातडी बोट न वाकवता नुसती ताणली, तर बोट वाकतंय असं त्यांना जाणवलं. बोट कुठे आहे हे आपल्याला कातडीही सांगत असते. मग पट्टी न ताणता लावली तरी बोट वाकताना तिची ओढ कातडीला कळणारच. मेंदूत शेजारच्या बोटांत मिसळून गेलेल्या माझ्या अनामिकेला त्या ओढीनं पुन्हा स्वतःची जागा सापडत असेल. मान वळण्याच्या डिस्टोनियात काहींना हनुवटीला नुसता हात लावला तरी मान सरळ होते, ही जुनी, डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आहे. त्यांना आता कोणी "मनाचे खेळ" म्हणत नाही.

हे मला पटतं. पण मग सकाळी कागदी पट्टीनं का ऐकलं नाही? नीट ताणून लावलेली पट्टीसुद्धा काही दिवशी का काहीच करत नाही? भाचीचं उत्तर: "तू त्या दिवशी मानलं नसशील." माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही, आणि तिचंही मला मान्य नाही.

पालकांनो, तुमचा पुढचा प्रश्नही माहीत आहे. मुलाचं मनगट दुखतं, ही पट्टी लावू का? आधी त्याचं बसणं बघा, तबला किती उंच आहे ते बघा, दोन दिवस हात थांबवा, तरी दुखलं तर डॉक्टरांना दाखवा. पट्टी विकत आणून देऊन रियाज चालू ठेवू नका. माझ्या हातावर ती दिसते म्हणून तर मुळीच नाही.

मी लावते आणि लावणार. भाचीनं आता सुचवलंय की कधी ताणलेली, कधी न ताणलेली अशी महिनाभर लावून पाहू, मला न सांगता, आणि प्रत्येक वेळी वाजवणं रेकॉर्ड करू. या वेळी तिनं आधी विचारलं. कार्यक्रमाचे दिवस सोडून, एवढीच अट मी घातली आहे. हो अजून म्हटलेलं नाही.