बुडवली म्हणून टिकली

मागच्या उन्हाळ्यात भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला गेलो होतो. काठापासून दहा-बारा हातांवर एक लाकडी नाव पाण्याखाली दिसली, आत मोठमोठे दगड, कडा तेवढी वर. मला वाटलं बुडाली बिचारी. तिथं जाळं सांधत बसलेले एक काका म्हणाले, "बुडाली नाही भाऊ, बुडवली. काठावर ठेवली का उन्हानं फळ्या फाटते. पान्यात लाकूड फुगेल राह्यते, मंग सांधी उघडत नाही."

हे ऐकलं आणि मला थेट मिनेहाहा आठवली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनेटोंका नावाचा मोठा तलाव आहे, त्यातली ही वाफेवर चालणारी लाकडी बोट, जेमतेम ७० फूट लांब. गेली दोन-तीन वर्षं मी हिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय, कारण हिची गोष्ट मला आपल्या भुसावळची वाटते.

झालं असं की ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट ही तिथली ट्राम कंपनी, तिची लाईन तलावाकाठच्या एक्सेल्सियर गावापर्यंत पोचली आणि पुढं पाणी. मग कंपनीने ठरवलं की पाण्यावरही आपलीच ट्राम चालवू, आणि १९०५-०६ च्या हिवाळ्यात सहा सारख्या बोटी ट्रामच्याच वर्कशॉपात बांधल्या. डिझाईन रॉयल मूर नावाच्या तिथल्याच बोटवाल्याचं, पण बांधणारे हात ट्रामचे डबे बांधणारे. रंगसुद्धा ट्रामचाच, पिवळाजर्द. माझे आजोबा भुसावळला रेल्वेच्या लोको शेडला, म्हणजे इंजिनांच्या दुरुस्तीच्या जागी, बॉयलरवर होते, त्यांच्या शेडला कुणी सांगितलं असतं की तापीत चालेल अशी बोट करा तर ती कशी झाली असती, मी हाच विचार करत बसतो.

इंजिन ट्रिपल एक्सपान्शनचं. म्हणजे बॉयलरची वाफ आधी छोट्या सिलेंडरमध्ये काम करते, तिथून जोर कमी झालेली वाफ मधल्यात, मग सगळ्यात मोठ्यात, एकाच वाफेकडून तीनदा काम. आजोबा म्हणायचे वाफ फुकट सोडली की कोळसा फुकट गेला, त्यांना हे इंजिन फार आवडलं असतं.

पुढं मोटारगाड्या आल्या, तलावाभोवती रस्ते झाले, पॅसेंजर कमी झाले आणि १९२६ मध्ये सेवाच बंद. कामाचं सामान काढून घेतलं आणि मिनेहाहाला आणखी दोन बोटींसोबत बिग आयलंडजवळ खोल पाण्यात बुडवून टाकलं. उरलेल्यांपैकी एक विकली, बाकीच्या मोडीत.

पण लाकूड टिकलं. समुद्रात असती तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी कधीच संपवली असती, गोड्या पाण्यात तो किडा नसतो, आणि खाली थंडगार अंधार. १९७९ ला बुडी मारणाऱ्या डायव्हरना ती सापडली, १९८० ला वर काढली. आणि मग जवळजवळ दहा वर्षं काठावर तशीच पडून, हे वाचताना जीव तुटतो, पन्नासावर वर्षं पाण्यात भिजलेलं लाकूड कोरडं व्हायला लागलं की काय होतं ते काकांना विचारा. तरी लोकांनी सोडली नाही. १९९० ला दुरुस्ती सुरू केली, बहुतेक मेहनत स्वयंसेवकांची, आणि १९९६ ला मिनेहाहा परत वाफेवर पॅसेंजर घेऊन निघाली. सत्तर वर्षांनी! २०१९ नंतर तिला पाण्यात उतरवायची जागाच हातची गेली, तेव्हा फेऱ्या थांबल्या.

पावसाळा संपल्यावर परत हतनूरला गेलो. काकांनी दगड काढून नाव वर घेतली होती, फळ्या काळ्याभोर, हाताचं बोट फिरवलं तर सांधीत नख जाईना. आतलं पाणी डब्याने उपसत ते म्हणाले, बसा, पल्याड नेतो.