१८ स्कॉर्पी : सूर्याच्या जुळ्याचा रंग मोजताना

या उन्हाळ्यात १८ स्कॉर्पीचं, म्हणजे जवळजवळ सूर्यासारखाच असलेल्या वृश्चिकेतल्या ताऱ्याचं, काम एक पायरी पुढे गेलं. गेल्या मोसमात तारा नेमका ओळखणं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणं एवढंच साधलं होतं. यंदा साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने त्याचा रंग मोजायचा होता. पाऊस यायच्या आत तो मोजून झाला, म्हणून ही नोंद.

ज्यांनी हा तारा अजून पाहिला नाही त्यांनी तो ज्येष्ठा-अनुराधाच्या आसपास शोधू नये. वृश्चिकेत असला तरी तो तिच्या पार उत्तर टोकाला, भुजंगधारी या शेजारच्या तारकासमूहाच्या हद्दीला चिकटून आहे. भुजंगधारीतली डेल्टा आणि एप्सिलॉन ही जवळजवळची जोडी बहुतेकांना माहीत असते. तारे दक्षिणोत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशात आपापल्या सगळ्यात उंच जागी असताना १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमध्ये ही जोडी वरच्या काठाशी आणा. खाली साधारण चार अंशांवर आपला तारा सापडतो. खात्री करायला सगळ्यात चांगला सोबती म्हणजे भुजंगधारीचाच उपसिलॉन. दोघांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) जवळजवळ तंतोतंत सारखी, उणे ८ अंश २२ कला. दुर्बीण जागची न हलवता थांबलात, तर १८ स्कॉर्पी दृष्टिक्षेत्राच्या मध्यावरून सरकून गेल्यावर साधारण १२ मिनिटांनी पांढरा उपसिलॉन त्याच जागी येतो. एकदा हे पाहिलं की पुन्हा कधी गफलत होत नाही.

दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ५.५. भोरच्या पुढे, पुण्याचा उजेड पाठीशी ठेवून, तिरक्या नजरेने तो दिसतो. आपल्या अक्षांशावरून तो ६३ अंशांपर्यंत वर चढतो, त्यामुळे क्षितिजाजवळच्या धुरकटपणाचा त्रास नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात उंच असतो, पण तोवर ढग यायला लागतात. मार्च-एप्रिलच्या पहाटे जास्त भरवशाच्या.

आता मूळ मुद्दा. १९९७ मध्ये पोर्तो दे मेलो आणि दा सिल्वा या ब्राझीलच्या खगोलशास्त्रज्ञांनी हा तारा सूर्याशी सगळ्यात जास्त मिळताजुळता, म्हणजे त्याचा जुळा, म्हणून पुढे आणला. अंतर सुमारे ४६ प्रकाशवर्षं, वर्णपटाचा वर्ग सूर्यासारखाच जी२, पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन (सूर्याचं ५,७७२), त्रिज्या सूर्याहून जेमतेम एक टक्का मोठी. पण हे साम्य नुसतं कौतुकाचं नाही, त्याचा व्यवहारात उपयोग आहे. आपल्या सूर्याचा रंग ताऱ्यांच्या मापाने मोजणं अतिशय अवघड आहे. तो १८ स्कॉर्पीपेक्षा जवळजवळ आठ लाख कोटी पट तेजस्वी दिसतो. एकाच उपकरणाने, एकाच पद्धतीने दोघांचं मोजमाप होत नाही. चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाश वापरावा म्हटलं, तर चंद्राची माती त्याला लालसर करून टाकते. म्हणून उलट्या बाजूने जातात: सूर्यासारखा वर्णपट असलेले तारे घ्यायचे, त्यांचा रंग मोजायचा आणि त्यावरून सूर्याचा ठरवायचा. सूर्याचा बी-व्ही निर्देशांक (निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या प्रकाशातल्या प्रतींचा फरक, म्हणजे आकड्यातला रंग; मोठा आकडा म्हणजे तांबूस) ०.६५ च्या आसपास मानतात, त्यामागे अशा जुळ्यांची मोजमापं आहेत. मला हा विचार फार भावतो. जो तारा रोज डोक्यावर असतो, त्याचा रंग कळायला ४६ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडे जावं लागतं.

माझी पद्धत अशी. स्थिर तिपाईवर ५० मिमी लेन्स, काही सेकंदांचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो, फोकस मुद्दाम किंचित सोडलेला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरतो. एका फ्रेममध्ये आपला तारा आणि तुलनेचे तारे सगळे बसतात, आणि ते जवळजवळ असल्याने वातावरणाचा परिणाम सगळ्यांवर साधारण सारखाच होतो. एक्स्पोजर ठरवताना लक्ष डेल्टावर ठेवावं लागतं. तो आपल्या ताऱ्यापेक्षा १३ पट तेजस्वी आहे, त्याचे पिक्सेल भरून गेले तर सगळं गणित वाया. म्हणून एक्स्पोजर छोटं आणि फ्रेम भरपूर. नंतर सिरिल या खगोल-छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या आणि निळ्या चॅनेलची मोजणी वेगवेगळी काढायची.

कॅमेऱ्याचा निळा म्हणजे खगोलशास्त्राचा बी नव्हे. इथे तुलनेचे तारे कामाला येतात. डेल्टा तांबूस (बी-व्ही सुमारे १.६), एप्सिलॉन पिवळा (सुमारे ०.९७), उपसिलॉन पांढरा. निळ्या-हिरव्यातला फरक एका अक्षावर, कॅटलॉगातला बी-व्ही दुसऱ्यावर मांडला की हे तारे एका तिरक्या रेषेवर येतात, आणि त्या रेषेवर १८ स्कॉर्पीची जागा वाचता येते. माझं उत्तर रात्रीगणिक ०.६४ ते ०.६८ मध्ये हललं. कॅटलॉग ०.६५ म्हणतो. घरच्या कॅमेऱ्यावर एवढं जुळलं तेव्हा मी आलेख छापून टेबलासमोर लावला.

जुळे म्हणून सगळंच सारखं असं मात्र नाही. त्याच्यात लिथियम सूर्याच्या सुमारे तिप्पट आहे. ताऱ्याच्या आत खोलवरच्या उष्णतेत लिथियम वयानुसार नष्ट होत जातं, म्हणून हा सूर्यापेक्षा तरुण असावा. २०१३ मधल्या एका अभ्यासात त्याचं वय २.९ अब्ज वर्षं धरलं आहे. डागांचं चक्रही सूर्याच्या ११ वर्षांऐवजी साधारण सातच वर्षांचं.

पुढचं काम ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) लावून वर्णपट घेण्याचं. सहा इंची दुर्बिणीला एवढा प्रकाश पुरेल, पण लिथियमची रेषा फार क्षीण असते, ती त्यात दिसणार नाही. हायड्रोजन आणि सोडियमच्या रेषांवर समाधान मानायचं आहे. कुणाकडे याच भागाचे जुने रॉ फोटो असतील, फोकस थोडा सुटलेलेही चालतील, तर तुमच्या कॅमेऱ्याची तिरकी रेषा काढून बघा. वेगवेगळ्या सेन्सरवर उत्तर किती हलतं, हे मला पाहायचं आहे.