समितीवरच्या पालकाचं काम

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. मानधन नाही, आणि नकोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. आमच्याकडे अध्यक्ष पालकांतला असतो, मुख्याध्यापक सचिव.

बायका का हव्यात ते मला एका बैठकीत नीट कळलं. इमारत, रंगकाम, संगणक यांवर तासभर चर्चा झाली. मग चौथीतल्या एका मुलीची आई म्हणाली, मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, म्हणून माझी पोरगी दिवसभर पाणीच पीत नाही. कडी त्याच आठवड्यात बसली.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. हजेरी ४२ असेल तर मावशींच्या काट्यावर चार किलो दोनशे ग्रॅम दिसले पाहिजेत. मी अधूनमधून जाते, वजन बघते, खिचडी चाखते. मावशींना त्याचा राग येत नाही, उलट डाळ कमी आली की त्या आधी मलाच सांगतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघरी फिरवायची नाही. ज्या आयांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक ठराव बैठकीतच मोठ्याने वाचायचा, मगच सही किंवा अंगठा. वेळ लागतो, लागू दे. पुढच्या बैठकीत शाळा विकास आराखडा आहे, तोही असाच वाचायचा.