तेवीस डॉलरची बचत

ऑस्ट्रेलियाची रॉक गायिका कोर्टनी बार्नेट गाऊ लागली की ती गाते आहे हे ध्यानात यायला क्षणभर वेळ लागतो, कारण तिचा सूर बोलण्याला इतका चिकटून असतो की मेलबर्नच्या ट्राममध्ये शेजारी बसलेली एखादी बाई मैत्रिणीला आठवड्याची हकिगत सांगते आहे असेच वाटावे. आपला ऑस्ट्रेलियन हेल तिने कधी झाकला नाही. गाण्यांवर पोट भरू लागण्यापूर्वी ती बारमध्ये काम करत असे. काही समीक्षकांना तिचे गाणे आळसावलेले वाटते. ते मला पटत नाही, कारण त्या सैल चालीखाली यमके किती दाटीने बसवली आहेत हे कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळते.

२०१५ च्या तिच्या पहिल्या अल्बममध्ये घर शोधण्याचे एक गाणे आहे. शहरात परवडत नाही म्हणून एक जोडपे प्रेस्टन या उपनगरात घर पाहायला जाते; कॉफी घरीच करून आठवड्याला २३ डॉलर वाचवणारी ही माणसे. घर ज्यांचे होते ते वारलेले. न्हाणीघरातला आधाराचा दांडा, चहा-कॉफीचे डबे, एका तरुणाचा व्हिएतनाममध्ये काढलेला फोटो एवढे दिसते आणि घर घेण्यातली गंमतच ओसरते. एजंटाच्या लेखी मात्र पाच लाख डॉलर जवळ असतील तर सगळे पाडून नवे बांधता येते. पुण्यात रीसेलचा फ्लॅट पाहायला गेले असताना आमच्या एजंटानेही भिंतीवर टिचकी मारून ‘ही पाडली की हॉल केवढा होईल बघा’ म्हटले होते, आणि मी त्या भिंतीवरच्या फळीत राहून गेलेल्या, ‘मेतकूट’ अशी चिठ्ठी डकवलेल्या डब्याकडे पाहत उभी होते.

तिच्या आणखी एका गाण्यात बागकाम करताना तिला श्वास लागतो आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. आलेल्या बाईला ही गिटार वाजवते म्हणून हुशार वाटते, आणि हिला वाटते की माणसांना मरू देत नाही तीच खरी हुशार! स्वतःकडे इतक्या कमी कौतुकाने पाहणारी रॉक गायिका मला दुसरी आठवत नाही.

फ्लॅटचे अजून काही ठरलेले नाही. बचत म्हणून मी बाहेरचा चहा बंद करून पाहिला, पण चौथ्या दिवशी पुन्हा टपरीवर गेले.